अर्धा इंच आणि हिरवा रस

माझ्या भाऊजींना गल्लीत कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्यांना 'अर्धा इंच' म्हणतात, तेही तोंडावर, आणि ते ओ देतात. ते टेलर आहेत. माप घेऊन झालं की गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "अर्धा इंच सैल ठेवतो." मग कोट असो, शाळेचा शर्ट असो, नाहीतर खुर्चीचं कव्हर असो. खुर्चीला काय श्वास घ्यायचाय का, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाले, "बसणाऱ्याला घ्यायचाय ना, मेहुणे."

मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. दुकान एकच आहे, मधे पडदा. पडद्याच्या पुढे त्यांचं मशीन, मागे माझी इस्त्री. मला माणसं फारशी आवडत नाहीत, त्यांचे कपडे आवडतात, कारण कपडे गप्प असतात. भाऊजींचं उलटं. त्यांना माणसं इतकी आवडतात की ते कुणालाही त्याच्या कमरेचा आकडा सांगत नाहीत. टेप गुंडाळतात, बघतात, "छान" म्हणतात आणि आकडा डोक्यात ठेवून देतात. दारात मावणार नाही असा ट्रक ड्रायव्हर आला तरी छान, काडीसारखा कारकून आला तरी छान. कंबर ही माणसाची खासगी गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची टेप म्हणजे एक प्रकरण आहे. पिवळी, कापडी, घामाने मऊ पडलेली. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात तिचं टोक मशीनच्या चाकात गेलं आणि पहिले दोन इंच फाटले. दुसरा कोणीही नवी टेप आणली असती. यांनी फाटका तुकडा कापला, पितळी टोपी वर सरकवून परत शिवली आणि त्याच टेपने मापं घ्यायला लागले. म्हणजे टेप सुरूच होते दोनपासून. आकडा येईल त्यातून मनात दोन वजा करायचे, झालं. "हात बसलाय," म्हणतात. इतक्या वर्षांत वजाबाकी एकदाही चुकलेली नाही, आणि बघणाऱ्याला कधी कळलेलंही नाही. टेपच्या सुरुवातीला कोण बघतं? सगळे श्वास रोखून शेवटच्या आकड्याकडे बघतात.

मला हे माहीत होतं. माझ्या ताईला नव्हतं. टेलरशी संसार करूनही तिला शिवणकामातलं ओ की ठो कळत नाही. तिचं बटण तुटलं तर ती पिन लावते, आणि भाऊजी ती झोपली की पिन काढून बटण लावून ठेवतात.

ताईचं राज्य वेगळीकडे होतं. चौकातल्या थिएटरच्या तिकीट खिडकीत ती बसायची. जाळीच्या आत ती, बाहेर रांग. गर्दी हुज्जत घालायला लागली की ती फक्त दोन शब्द म्हणायची, "पुढे सरका!" तिच्या त्या आवाजाला माणसं नुसती सरकत नसत, शर्ट खोचून सरकत. मीसुद्धा एकदा रांगेत होतो. सख्खा भाऊ म्हणून फुकट तिकीट मागितलं. मी सरकलो.

मग थिएटर बंद पडलं. तिथे गालिच्यांचं दुकान झालं. ताई घरी आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल टाकून बसली. घर दुकानाच्या मागेच आहे, तळमजल्यावर, आणि ती खिडकी मागच्या बोळात उघडते. बोळात बघण्यासारखं काही नाही. एक नळ, दोन कुंड्या आणि डॉक्टरांची सायकल. ती पाठ ताठ ठेवून तिकडे बघत बसायची. काहीही बोला, उत्तर एकच, "हं." मांजर खिडकीत येऊन तिच्याकडे बघून गेलं, तर त्यालाही "हं".

भाऊजींनी सगळं करून पाहिलं. चार खिशांचा कोट शिवला. बागेत नेलं. एका संध्याकाळी तर बोळात जाऊन खिडकीसमोर उभे राहिले आणि वाकून म्हणाले, "दोन तिकिटं द्या." ताईने त्यांच्याकडे बघितलं आणि हळूच खिडकी लावून घेतली. ते दुकानात येऊन मशीनला तेल घालत बसले. तेल सकाळीच घातलेलं होतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी इस्त्री जोरात दाबतो. एका वकिलाची कॉलर त्यात गेली.

अशात ताईच्या फोनवर एक व्हिडिओ आला. त्यात चकचकीत दातांची एक मुलगी सांगत होती की आपल्या शरीरात घाण साठलेली असते, आणि ही घाण हिरवा रस प्यायल्याने निघून जाते. रसाला ती डिटॉक्स म्हणत होती. ताईने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मग स्टुलावरून उठली. किती तरी दिवसांनी ती कुणी न सांगता उठली होती. भाऊजी दारात उभे होते, त्यांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला.

काकडी, पालक, पुदिना, आलं, लिंबू आणि कोबीची दोन पानं. हे सगळं मिक्सरमधून निघालं आणि पहिला ग्लास माझ्यापुढे आला.

"पी," ताई म्हणाली.

"ताई, माझ्यात घाण नाहीये."

"सगळ्यात जास्त तुझ्यातच आहे. पी."

मी प्यायलो. चव सांगायची तर, पावसात भिजलेलं मैदान कुणीतरी पिळून दिल्यासारखी होती. माझं तोंड बघून भाऊजी समजले काय ते. तरी त्यांनी आपला ग्लास घेतला, एका दमात संपवला आणि म्हणाले, "छान."

तिथून जे सुरू झालं ते सुरू झालं. आधी शेजारची बेकरीवाली आली, मग बँकेच्या मॅनेजरबाई, मग त्यांच्या बँकेतल्या दोघी, मग समोरच्या इमारतीचे तीन मजले. सकाळी बोळात रांग लागायला लागली, प्रत्येकीच्या हातात आपापला ग्लास. ताई खिडकीत उभी राहून रस ओतायची. भाजीचा खर्च निघेल एवढंच घ्यायची. बेकरीवालीला रस पिऊन झाल्यावर रांगेतच मान मागे टाकून गुळण्या करायची सवय होती. तिच्यामुळे एकदा रांग खोळंबली. आणि मी इस्त्रीत कोळसा घालत असताना मला तो आवाज ऐकू आला.

"पुढे सरका!"

मी पडदा बाजूला केला. भाऊजींचा मशीनवरचा पाय थांबला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात तीन टाचण्या, त्यामुळे त्यांना हसताही येत नव्हतं.

आता माप. त्या व्हिडिओतल्या मुलीने सांगितलं होतं की आधी कंबर मोजून ठेवा आणि काही आठवड्यांनी परत मोजा. ताईने भाऊजी आंघोळीला गेलेले असताना खुंटीवरची पिवळी टेप उचलली आणि रांगेतल्या सगळ्यांच्या कमरा मोजून टाकल्या. काही आठवडे गेले. परत मोजायची वेळ आली तेव्हा तिला ती कळकट टेप चारचौघांत काढायची लाज वाटली. ती बाजारातून नवी कोरी गुलाबी टेप घेऊन आली.

पुढचं मी सांगायला नको. सगळ्यांच्या कमरा दोन इंचांनी कमी भरल्या.

बोळात आरडाओरडा झाला. मॅनेजरबाईंनी ताईला मिठी मारली. बेकरीवाली रोज रस पिऊन दुकानात जायची आणि तिखट चव घालवायला लोण्याचा पाव खायची, तिचेही दोन इंच गेले. एकीने तर आठवडाभर रस प्यायलाच नव्हता, तिचेही गेले. ती म्हणाली, "वासाने गेले असणार."

गोंगाट ऐकून भाऊजी मागे गेले. त्यांनी ताईच्या गळ्यातली गुलाबी टेप पाहिली, खुंटीवरची पिवळी टेप पाहिली, सगळ्यांचे दोन-दोन इंच ऐकले आणि दुकानात परत येऊन मटकन बसले.

"मेहुणे," ते कुजबुजले, "टेपचे दोन इंच गेलेत. बायांचे नाहीत."

"मग सांगा तिला."

"तुम्ही सांगाल?"

मी मागच्या दारातून डोकावून पाहिलं. ताई स्टुलावर चढून भाषण करत होती. मी दार लावून घेतलं. "पुढच्या आठवड्यात सांगू," मी म्हणालो.

पण पुढच्या आठवड्यात बाया कपड्यांची गाठोडी घेऊन आल्या. स्कर्ट, पँट, कोट, सगळे कमरेत दोन इंच आत घ्यायचे होते. आत घेतले तर कपडे अंगात शिरणार नाहीत, आणि नाही म्हटलं तर कारण सांगावं लागणार. शेवटी त्यांनी एक शक्कल काढली, आणि तिचा सगळा भार माझ्यावर पडला. कपड्यांना सुईसुद्धा लावायची नाही. मी कडक इस्त्री करायची, त्यांनी घडी घालून द्यायची.

मॅनेजरबाई स्कर्ट नेऊन घालून आल्या आणि दारातच गोल फिरल्या. "अगदी बेताचा बसला हो! काय हात आहे तुमचा!"

"अर्धा इंच सैल ठेवलाय," भाऊजी जमिनीकडे बघत म्हणाले.

"पैसे किती?"

"रसाच्या गिऱ्हाइकांना फुकट," ते म्हणाले. न केलेल्या कामाचे पैसे घ्यायला त्यांचा हात पुढे होईना. इस्त्री मात्र मी केलेली होती. त्याबद्दल कुणी विचारलं नाही, आणि अजूनही विचारलेलं नाही.

त्याच सुमारास डॉक्टर पँट शिवायला आले. गल्लीचे डॉक्टर, सायकलवाले. मी पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "डॉक्टर, खरं सांगा. तो रस प्यायल्याने शरीरातली घाण निघते का?"

"घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडं दिलेली आहेत," डॉक्टर म्हणाले. "ती दिवसरात्र तेच करत असतात. त्यांना काकडीची मदत लागत नाही."

"मग रसाने काय होतं?"

"पाणी पोटात जातं. थोडी पालेभाजी जाते. वाईट काही नाही, पण जेवण म्हणून पिऊ नये, माणूस वाळतो." मग त्यांनी मागच्या खिडकीच्या दिशेने बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी असं म्हणालो हे बाहेर सांगू नका. आमचीही रांगेत असते."

डॉक्टरांच्या 'माणूस वाळतो' या बोलण्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं. पण मी स्वतःच्या सुटकेत होतो. कारण ताईने आता घरातलं संध्याकाळचं जेवण बंद करून तिथे रस आणला होता. मी "पोट जड आहे" म्हणायचो आणि बेकरीत जाऊन दोन बन खाऊन यायचो. ताई स्वतः गिऱ्हाइकांच्या घरी चौकशीला जायची. तिथे बशीत जे पुढे येईल ते, नको नको म्हणत, संपवून यायची. उरले भाऊजी. ते टेबलाशी बसून दोन्ही हातांनी ग्लास धरायचे आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे.

"निदान एक पाव तरी खा," मी त्यांना बजावलं.

"नको. मी तिला फसवतोय. वर चोरून खाऊ पण?"

असला माणूस. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, पोट भरून बोलावं. याचं खोटं उपाशी.

मग रांगेला चार दिवस सुट्टी देऊन ताईने जाहीर केलं, दुसरी फेरी. नवी माणसं, जुनीही, सगळ्यांची मापं नव्याने. भाऊजींची पाचावर धारण बसली. गुलाबी टेप पूर्ण होती. तिने आधी मोजलं आणि तिनेच नंतर मोजलं, तर एक दोराही कमी भरणार नव्हता. मग ताई परत स्टुलावर बसणार, पाठ ताठ, नळाकडे बघत. ते मशीनवर कोपरं टेकून हेच म्हणत राहिले, "ती परत बसेल, मेहुणे. ती परत तशी बसेल."

आणि मग त्या माणसाने, ज्याने आयुष्यात कुणाचं कापड चिंधीभर मारलं नाही, बायकोची गुलाबी टेप घेतली, तिचे पहिले दोन इंच कापले आणि टोपी वर सरकवून बारीक टाक्यांनी परत शिवली. इतकं सुबक काम की मी कौतुकाने बघत राहिलो. नंतर त्यांनी मला बाजारात पाठवून तसलीच दुसरी गुलाबी टेप मागवली आणि मशीनच्या खणात लपवली. आधी तोकडीने मोजायचं, शेवटच्या दिवशी पूर्ण टेप हळूच पुढे करायची. बेत साधा होता.

फक्त जुन्या बाया ते विसरले. पहिल्या फेरीत दोन इंच गमावलेल्या बाया तोकड्या टेपने मोजल्या आणि प्रत्येकीचे दोन इंच परत आले.

मॅनेजरबाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं. पण ताईने कमरेवर हात ठेवले.

"मधे सुट्टी होती तेव्हा रस बंद केला होता ना?"

"हो," सगळ्या म्हणाल्या.

"मग? बघा! रस थांबला की घाण परत!"

बाया हादरल्या. त्या दिवसापासून प्रत्येकीने दोन ग्लास घ्यायला सुरुवात केली. मी कपाळाला हात लावला. रस प्यावा तर तो चालतो, आणि नाही प्यायला तर त्यामुळेच कळतं की चालतो. अशा गोष्टीशी कोण भांडणार?

घरीही ग्लास दोन झाले. भाऊजी दोन प्यायचे.

दुसऱ्या फेरीचा शेवटचा दिवस रविवार होता. बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया, त्यांचे नवरे, डॉक्टर सायकल हलवण्याच्या निमित्ताने उभे. ताई खिडकी सोडून बोळातच येऊन उभी राहिली होती, गळ्यात तोकडी गुलाबी टेप. भाऊजी पुढे झाले. पूर्ण टेप त्यांच्या शर्टाच्या बाहीत होती.

"आज मी मोजतो," ते म्हणाले आणि त्यांनी ताईच्या गळ्यातली टेप काढून घेतली.

पहिल्या मॅनेजरबाई. भाऊजींनी बाहीतली टेप हळूच दुसऱ्या हातात घेतली आणि ती त्यांच्या भोवती टाकायला दोन्ही हात वर केले. आता ते हात खाली असते तर सगळं निभावलं असतं. पण ते वर गेले, शर्ट वर गेला, आणि कमरेला बांधलेली अस्तराची पट्टी सगळ्यांना दिसली. पँट त्या पट्टीच्या जिवावर उभी होती. पट्टीची गाठ सुटली. भाऊजींची पँट सळकन खाली आली आणि पायांभोवती गोळा झाली.

आख्ख्या गावाच्या पँटी बसवणारा टेलर पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत उभा. दोन्ही हात वर, आणि दोन हातांत दोन गुलाबी टेपा.

मग बेकरीवाली किंचाळली, "चालतो! रस चालतो! बघा कसे गळालेत!"

आणि टाळ्या पडल्या. मी खोटं सांगत नाही. लोक टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते, नवरे आपापल्या बायकांना म्हणत होते की उद्यापासून मलाही आण. बँकेतली एकजण रडत होती. एवढा भक्कम पुरावा कुणीच पाहिला नव्हता. टेपची कुणाला गरजच उरली नव्हती.

टाळ्या वाजवत नव्हती ती एकटी ताई.

तिने पुढे होऊन भाऊजींच्या हातातल्या दोन्ही टेपा घेतल्या. टोक टोकाला लावलं. एक टेप सुरुवातीपासून सुरू होत होती आणि एक दोनपासून. तिने आयुष्यभर तिकिटं फाडून दिली होती. तिने एकदाच बघितलं. मग खाली पडलेल्या पँटकडे बघितलं. मग त्यांच्या पायांकडे. पाय म्हणजे नुसत्या नडग्या राहिल्या होत्या. पूर्ण टेप तिने त्यांच्या कमरेभोवती घातली. आकडा वाचून तिने परत एकदा मोजलं.

"अहो," ती म्हणाली, "हे कधी झालं?"

"छान आहे," भाऊजी म्हणाले. दुसरं त्यांना काय सुचणार?

ताई वळली. "आज बंद," तिने गर्दीला सांगितलं.

"बंद कसं? आज तर—" मॅनेजरबाई म्हणाल्या.

"बंद म्हणजे बंद." ती त्यांना पँट वर धरायला लावून घरात घेऊन गेली आणि खिडकी लागली.

आत काय झालं ते मी ऐकलं, कारण मी दाराला कान लावून उभा होतो. भाऊजींनी पिवळ्या टेपपासून सगळं सांगितलं.

"इतकी घाण चव," ताई म्हणाली, "आणि रोज प्यायलात? दोन-दोन ग्लास?"

"तू परत 'पुढे सरका' म्हणायला लागली होतीस ना," भाऊजी म्हणाले.

मग ताई रडली. आणि मग तिने त्यांना इतकं झापलं, इतकं झापलं की मला थिएटरचे दिवस आठवले. उपाशी मरायला निघालात, टेलर आहात की कोण आहात, स्वतःची पँट आत घेता येत नाही? भाऊजी म्हणत होते की माझी एकट्याचीच कंबर खरोखर कमी झाली होती, पँट आत घेतली असती तर तुला कळलं असतं. एवढं झाल्यावर पँटच्या बाबतीत ते सावध राहिले होते, असं त्यांना म्हणायचं होतं. मी दाराबाहेर कपाळ बडवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी बंदच होती. रांग आली, ग्लास घेऊन उभी राहिली, कुजबुजायला लागली. मला धाकधूक होती. टेप खोटी ठरली, आता ताई परत स्टुलावर बसते की काय. पडद्यामागून उठून मी बोळात गेलो, तर रांगेच्या सगळ्यात पुढे भाऊजी उभे. कमरेला पट्ट्याऐवजी पिवळी टेप बांधलेली. त्यांनी खिडकीवर टकटक केली.

"दोन तिकिटं द्या," ते म्हणाले.

मागच्या वेळी याच बोलण्यावर खिडकी बंद झाली होती. आता ती आधीच बंद होती, त्याहून वाईट काय होणार होतं म्हणा. तरी मी श्वास रोखला.

खिडकी उघडली. ताईचे डोळे सुजलेले होते, पण पाठ ताठ होती आणि आतून कांदा-टोमॅटो शिजल्याचा वास येत होता.

"ऐका सगळ्यांनी," ती म्हणाली. "टेप कापलेली होती. आधीची चुकून, नंतरची मुद्दाम. कुणाचीही कंबर हललेली नाही. ज्यांना माझ्यावर रागवायचंय त्यांनी आत्ता रागावून घ्या, नंतर मला वेळ नाही."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. बहुतेकींनी स्वतःच्या कमरेकडे बघितलं.

"मग माझा स्कर्ट?" मॅनेजरबाईंनी विचारलं. "तो इतका छान कसा बसला?"

"तो आधीपासून तसाच बसत होता."

मॅनेजरबाई विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे मी मुळात जाड नव्हतेच!"

हे सगळ्यांनाच पटलं. इतकं पटलं की रागवायचं राहूनच गेलं. एकटी बेकरीवाली ग्लास उलटा करून म्हणाली, "ते ठीक आहे, पण आता इथे मिळणार काय?"

"सूप," ताई म्हणाली. "पातेलंभर केलंय. पाव तू आण. काही निघणार नाही त्याने अंगातून, फक्त पोट भरेल. नको असेल त्यांनी घरी जा."

कोणी घरी गेलं नाही. डॉक्टर सायकल ठेवून रांगेत लागले. बेकरीवाली पावांची टोपली आणायला पळाली.

ताईने पहिला वाडगा भरला, त्यात डावाने तळातलं घट्ट घातलं, वर दोन उकडलेली अंडी ठेवली आणि भाऊजींच्या हातात दिला. भाऊजी तो घेऊन खिडकीतच उभे राहून खायला लागले. रांग अडली. मागून गलका सुरू झाला.

"पुढे सरका!" ताई गरजली. सगळा बोळ हलला. मीसुद्धा शर्ट खोचला. भाऊजीही सवयीने वाडगा सांभाळत एक पाऊल बाजूला झाले.

ताईने हात बाहेर काढून त्यांच्या कमरेची पिवळी टेप धरली.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "तुम्ही इथेच उभे राहा."